‘बरं चाललंय’ला किती गुण?

दोन वर्षांपूर्वी सकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. “काकू, स्वच्छतेचा सर्व्हे आहे, दोनच मिनिटं.” म्हटलं, विचार. पण त्याने काही विचारलं नाही. त्याचा अंगठा स्क्रीनवर पटापट फिरत राहिला आणि शेवटी तो म्हणाला, “तुमच्या फोनवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.” प्रश्न तरी काय होते, असं मी विचारल्यावर बिचाऱ्याने फोन माझ्याकडे वळवला. परिसर रोज झाडला जातो का? हो. ओला-सुका कचरा वेगळा उचलतात का? हो. एकूण सेवेबद्दल समाधानी आहात का? अत्यंत समाधानी. माझं समाधान माझ्याआधीच भरून झालं होतं. जिन्याच्या खिडकीतून चौकातली भरून वाहणारी कचरापेटी आम्हा दोघांनाही दिसत होती. “रोज साठ करावे लागतात, काकू,” तो म्हणाला. त्याच्या साठातला एक कमी करणं माझ्या जिवावर आलं. मी ओटीपी सांगितला.

नागरिक किती समाधानी आहेत हे सरकारने मोजावं की मोजू नये, हा वाद निघाला की मी मोजावं या बाजूने बोलते. पण बोलताना तो ओटीपी आठवतो. मोजण्याला माझी हरकत नाही. मोजून त्याचं प्रगतिपुस्तक करायला आहे. लोकांना त्यांच्या आयुष्याबद्दल विचारावं ते कुठे दुखतंय हे कळण्यासाठी. किती छान चाललंय हे छापायचं ठरवून विचारलं, की उत्तरं अंगठ्यानेच भरली जातात.

दरवर्षी २० मार्चला, संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली नेमून दिलेल्या आनंद दिनाच्या मुहूर्तावर, जागतिक आनंद अहवाल येतो आणि आपल्याकडे एकच बातमी छापून येते. फिनलंड पहिला (२०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वेळा), भारत तळाकडे. २०२४ मध्ये १४३ देशांत १२६ वा, २०२५ मध्ये १४७ देशांत ११८ वा. पुढचं वाक्य ठरलेलं: पाकिस्तान आपल्या वर. मग एक गट म्हणतो, हे पाश्चात्त्यांचं कारस्थान. दुसरा म्हणतो, बघा देशाची काय दशा झालीय. मुळात प्रश्न काय विचारला होता, हे दोघांच्याही गावी नसतं.

प्रश्न असा आहे. एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाची पायरी शून्य, वरची दहा. दहा म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितकं उत्तम आयुष्य, शून्य म्हणजे शक्य तितकं वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ही शिडी वापरात आणली. गॅलप ही संस्था बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार जणांना हा प्रश्न विचारते, तीन वर्षांची सरासरी काढली जाते, संपलं. दरडोई उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार, दानशूरपणा वगैरे एकत्र करून क्रमांक लावतात, ही आपल्याकडे पसरलेली समजूत चुकीची आहे. ते घटक नंतर येतात, देशादेशांतला फरक कशामुळे असेल याचा अंदाज बांधायला. क्रमांक फक्त शिडीवरच्या उत्तराचा. ‘आनंद’ हा शब्द तर त्या प्रश्नात नाहीच.

हजार माणसांवरून देश कसा कळणार, हा आक्षेप मी घेणार नाही. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. माझी अडचण शिताची नाही, शिडीची आहे.

गेल्या दिवाळीत माण तालुक्यातल्या माझ्या आत्याला मी हा प्रश्न विचारला. ती शेंगा फोडत बसली होती. शिडीचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि तिने पहिला प्रश्न मलाच केला, “ही यादी कशाची हाय?” यादीबिदी काही नाही, मी आपली असंच विचारतेय, म्हटल्यावर तिने दोन-चार शेंगा फोडल्या. “पोरं धडधाकट हायेत. औंदा हिरीला पानी हाय. आठ म्हन की. पर मोठ्यानं म्हनू नगं, दिष्ट लागती.” दोन वर्षं गुडघ्यांमुळे तिला माडीवर जाता आलेलं नाही. दवाखान्यात गेलेली नाही, कारण तालुक्याला जायचं तर घरातल्या कुणाचा तरी दिवस मोडतो. हे काही आठात नव्हतं. तिचा मुलगा पुण्यात. फ्लॅटचे हप्ते, दोघांच्या नोकऱ्या, मुलीची शाळा. त्याला फोनवर हाच प्रश्न विचारला. “पाच,” तो म्हणाला. दोघांची सरासरी साडेसहा येते, आणि साडेसहावर त्या घरात कुणीच राहत नाही.

आत्याचा ‘यादी कशाची’ हा प्रश्न मला तिच्या उत्तरापेक्षा मोलाचा वाटला. २००२ साली दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं शोधायला जी पाहणी झाली तिच्यात १३ प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. अंगावर घालायचे कपडे किती जोड, दोन वेळचं जेवायला मिळतं का, असे प्रश्न. गुण जितके कमी तितकं कार्ड जवळ. सरकारी माणूस वही घेऊन दारात आला की ‘आमचं उत्तम चाललंय’ म्हणणाऱ्याला तेव्हापासून गावात कुणी शहाणा म्हणत नाही. शहरात याच्या उलट: पालिकेचा मुलगा आला की सगळे अत्यंत समाधानी. माणसं खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. विचारणारा कोण आणि उत्तराचं पुढे काय होणार, याचा अंदाज घेऊनच माणूस तोंड उघडतो, आणि ते अगदी शहाणपणाचं आहे.

त्यात आपली भाषा. ‘सुखवस्तू घर’ म्हणजे पैसेवालं घर, तिथे कुणी हसत नसलं तरी. ‘समाधानी’ म्हणजे बहुतेक वेळा ज्याने फार काही मागितलं नाही असा. ‘कसं काय?’चं आपलं खरं उत्तर आहे ‘बरं चाललंय’, किंवा नुसतंच ‘चाललंय’. त्यात थोडी तक्रार आहे, थोडं समाधान आहे आणि याच्या पुढे विचारू नका, हेही आहे. शून्य ते दहात ते कुठे बसवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एवढंच कशाला, आधी कोणता प्रश्न विचारला यावरही उत्तर हलतं. २००८ च्या मंदीच्या काळात गॅलप अमेरिकेत रोज हजार जणांना शिडीचा प्रश्न विचारत होती. अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञाने ती आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की शिडीच्या आधी राजकारणावरचे प्रश्न विचारले की लोक आपलं आयुष्यच खालच्या पायरीवर दाखवतात. त्या एका क्रमबदलाने पडलेला फरक मंदीच्या फटक्याशी तुलना करण्याइतका मोठा होता. नेत्यांची आठवण काढली की आयुष्य दोन बोटं खाली येतं, हे सांगायला खरं तर पाहणीची गरज नव्हती.

पण हे सगळे आक्षेप एका बाजूला आणि सिंगूरचा आकडा एका बाजूला. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ’ने एक पाहणी केली. तब्येत कशी आहे, असं विधुरांना आणि विधवांना विचारलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आजारी आहोत किंवा बरं वाटत नाही. विधवांपैकी असं म्हणाल्या २.५ टक्के. अमर्त्य सेन यांनी हा आकडा पुन्हा पुन्हा पुढे ठेवला आहे. त्या काळच्या बंगालमधली विधवा, दुष्काळ नुकताच सरलेला, ताटात सगळ्यांच्या शेवटी जे उरेल ते. आणि शंभरातल्या सत्त्याण्णवजणी म्हणतात, मला काही झालेलं नाही. आपल्याला काही होऊ शकतं, आणि झालं तर ते कुणाला तरी सांगता येतं, हीच कल्पना त्यांच्यापर्यंत पोचलेली नव्हती. आजही स्वतःच्या आजाराची नोंद करायला सांगितलं की केरळचे लोक बिहारच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त आजारी निघतात. केरळमध्ये आयुष्य जास्त, दवाखाने जवळ, शाळा सगळ्यांनी पाहिलेली. म्हणून दुखणं ओळखता येतं आणि त्याला नाव देता येतं.

शहरांचंही तेच. २०१८ मध्ये केंद्राच्या ‘जगण्यायोग्य शहरां’च्या यादीत पुणे पहिलं आलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी, तेव्हा सगळ्यात जास्त पुणेकरच हसले. पुढच्या खेपेला, २०२० च्या यादीसाठी, लोकांच्या मतांना ३० टक्के वजन दिलं आणि ३२ लाखांहून जास्त लोकांनी मत नोंदवलं. मतांच्या भागात भुवनेश्वर पहिलं, आणि पहिल्या सहांत बिलासपूर आणि भागलपूर. भागलपूरकरांचा अपमान करायचा माझा हेतू नाही. पण भागलपूरचा माणूस जितका खूश, तितकी पुण्याची पेठ खूश नाही, यावरून राज्यकारभाराबद्दल काय शिकायचं? पेठेतला माणूस वैकुंठात गेला तरी पार्किंगबद्दल बोलेल.

मग मोजायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. त्याआधी भूतान. या विषयावर बोलणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत ते नाव घेतो. मी जरा उशिराच घेतेय.

राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय सुख महत्त्वाचं, अशी मांडणी केली आणि २००८ च्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात ती आली. घोषणा कुणीही करतं. मला कौतुक आहे ते त्यांच्या मोजणीच्या पद्धतीचं. ‘तुम्ही सुखी आहात का’ एवढं विचारून ते थांबत नाहीत. नऊ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत: झोप किती तास, काम किती तास, शेजाऱ्यांवर विश्वास आहे का, घर कसं आहे, रानातली जनावरं पिकाची नासाडी करतात का. या शेवटच्या प्रश्नावर मी थबकले. कोकणात वानरांनी आणि विदर्भात रानडुकरांनी शेतकऱ्यांच्या रात्री खाल्ल्या आहेत, आणि आपल्या कुठल्या सुखाच्या चर्चेत रानडुक्कर येतं? पुढे प्रत्येक निर्देशकाला ‘पुरेसं’ अशी एक रेषा आहे. तिच्या पलीकडे कितीही गेलात तरी जादा गुण नाहीत, त्यामुळे श्रीमंताच्या दुसऱ्या गाडीने देशाचं सुख वाढत नाही. आणि कमी पडलेला माणूस कोणत्या जिल्ह्यातला, बाई की पुरुष, कमी पडतंय ते नेमकं काय, हे आकडा उलगडून पाहता येतं. ही पद्धत मुळात गरिबी मोजण्याच्या कामातून आलेली. आपला नीती आयोगही बहुआयामी गरिबीचा निर्देशांक अशाच रीतीने काढतो. २०२२ च्या फेरीत भूतानने ११ हजारांवर लोकांना घरी जाऊन विचारलं.

आता त्याच ३३ निर्देशकांतला एक: ‘द्रिग्लाम नामझा’. पारंपरिक पोशाख, उठण्याबसण्याची, बोलण्याची रीत. १९८९ मध्ये राजाज्ञेने ही रीत आणि तो पोशाख सगळ्या देशावर सक्तीचा झाला, आणि त्याच सुमाराला दक्षिणेतल्या शाळांमधून नेपाळी भाषा गेली. दक्षिणेत राहणारे ल्होत्शाम्पा, म्हणजे नेपाळीभाषक भूतानी, रस्त्यावर आले, दडपशाही झाली, एक लाखाहून अधिक माणसं पुढच्या काही वर्षांत देशाबाहेर गेली, घालवली गेली. नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांत बांबूच्या झोपड्यांच्या छावण्यांमध्ये त्यांची पंधरा-सतरा वर्षं गेली, मग बहुतेक जण अमेरिकेत वगैरे वसवले गेले. राष्ट्रीय सुखाचा निर्देशांक २०१० च्या पाहणीतून निघाला तेव्हा देशातली सर्वांत दुःखी माणसं सीमेपलीकडे होती. त्यांना प्रश्न विचारायला कुणी गेलं नाही, आणि ज्या रिवाजाच्या सक्तीपायी ती गेली तो रिवाज प्रश्नपत्रिकेत गुणांसाठी होता.

भूतान ढोंगी आहे, असं यावरून मी म्हणणार नाही. सुखाची व्याख्या करण्याचा अधिकार सरकारच्या हातात गेला की काय होऊ शकतं, एवढंच. अलीकडे तिथली तरुण मुलं थिम्फूहून पर्थची वाट धरतायत, तीही बहुधा आपापली मोजणी करूनच.

आपल्याकडे मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये देशातलं पहिलं आनंद खातं काढलं. स्वयंसेवकांना ‘आनंदक’ म्हणायचं, अधिकाऱ्यांसाठी ‘अल्पविराम’ नावाच्या कार्यशाळा. सरकार बदललं आणि ते धर्मस्व खात्याबरोबर मिसळून अध्यात्म विभाग झाला. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल १०० रुपयांत दिलं त्याचं नाव ‘आनंदाचा शिधा’. नावावर विनोद झाले. मला मात्र ते प्रकरण आनंद खात्यापेक्षा प्रामाणिक वाटलं. रव्याची पिशवी मिळाली की मिळाली. ती मिळाल्यावर करंज्या करायच्या की रुसून बसायचं, हे त्या घराने ठरवावं.

इथवर वाचून वाटेल की ही बाई मोजणीच्या विरोधातच आहे. तसं नाही. आत्याच्या आठावर माझा विश्वास नाही, पण कुणी दोन किंवा तीन म्हणालं तर आहे. शिडीच्या वरच्या भागात सवय असते, दृष्टीची भीती असते, शेजाऱ्याशी तुलना असते. तळाशी सहसा कुणी गंमत म्हणून जाऊन उभं राहत नाही. इजिप्त आणि ट्युनिशियात २०११ च्या उठावांआधीच्या वर्षांत जीडीपी चढत होता आणि गॅलपच्या शिडीवरची उत्तरं घसरत होती. अर्थ खात्यांच्या टेबलावर पहिला आकडा होता.

तळाकडे बघितल्याने धोरण बदलतं याचं इंग्लंडमधलं उदाहरण मला सगळ्यात पटतं. रिचर्ड लेयार्ड हे अर्थतज्ज्ञ सुखाचा अभ्यास करता करता या निष्कर्षाला आले की दीर्घकाळ सतावणारं नैराश्य आणि चिंता ही तिथल्या लोकांच्या हलाखीची फार मोठी कारणं आहेत, गरिबीच्या तोडीस तोड. आणि त्यांवर उपचार असूनही बहुतेकांना ते मिळत नाहीत. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी सरकारला हिशेब मांडून दाखवला: उपचारांचा खर्च आजारपणाच्या भत्त्यांपेक्षा कमी पडेल. २००८ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत बोलून उपचार करणाऱ्यांची फळी उभी राहायला लागली. आता वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक तिथे उपचार सुरू करतात. कुणी आनंद खातं काढलं नाही. आकड्यांनी बोट दाखवलं, तिथे माणसं नेमली.

बेकारीचंही असंच. नोकरी गेल्यावर माणूस जितका खचतो तितका नुसत्या पगाराच्या घटीने खचत नाही, हे गेल्या तीस वर्षांत देशोदेशीच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे घरबसल्या पैसे आणि काम करून मिळालेले पैसे, आकडा एकच असला तरी, माणसाला सारखे नसतात. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी सुरू करणाऱ्या आणि १९७७ मध्ये तिचा कायदा करणाऱ्या राज्याला हे कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको होतं. पण आज आपला सगळा वाद खात्यात जमा होणाऱ्या रकमेचा आहे. लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांबद्दल मला जे जाणून घ्यायचंय ते लाभार्थ्यांच्या संख्येतून कळत नाही. ते असं विचारून कळेल: गेल्या महिन्यात स्वतःच्या औषधासाठी घरात कुणाकडे पैसे मागावे लागले का? आणि वर्षापूर्वी? ‘योजनेबद्दल समाधानी आहात का’ असं विचारलं तर ओटीपीचीच गोष्ट.

२००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काह्नेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस तुकड्यातुकड्याने आठवायला सांगितला: कुठला तासभर कसा गेला. सकाळचा प्रवास सगळ्यात खाली होता. टेक्ससमध्ये. गाडीत, बसून. कल्याण-डोंबिवलीहून निघणाऱ्या बाईला कुणी हे विचारलं तर रकाना पुरायचा नाही. पण आपल्या रेल्वेचा, मेट्रोचा, उड्डाणपुलांचा हिशेब प्रवासी-किलोमीटर आणि रुपयांत होतो. दारात लोंबकळलेल्या चाळीस मिनिटांना त्यात किंमत नाही. ब्रिटिश अर्थ खात्याने मात्र २०२१ मध्ये लेखी सूचनाच काढली: एका माणसाच्या जीवनसमाधानातला दहापैकी एक गुण, एका वर्षासाठी, म्हणजे साधारण १३,००० पौंड धरा. मला हे ऐकून शहारे आले. दुःखाचा दर बाजारभावासारखा लावायचा? पण दर लावला नाही तर फाइलवर त्याची किंमत शून्य धरली जाते, हेही खरं. माझं यावर अजून एकमत झालेलं नाही, माझ्याशीच.

ज्या मोजणीवर माझा पूर्ण विश्वास बसला ती परदेशातली नाही. अमरावती जिल्ह्यातली ३० गावं, शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या भागातली. गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने स्थानिक संस्थांना बरोबर घेऊन तिथे ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालवला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनी कुणाची तरी मदत घेतली होती. नंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. हा आधीचा आणि नंतरचा हिशेब आहे. मधल्या काळात पाऊस, भाव, बरंच काही बदललेलं असू शकतं, म्हणून सगळं श्रेय कार्यक्रमाला देणं बरोबर नाही. पण ज्या राज्यात २०२२ मध्ये २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक, तिथे हे आकडे वाचून पान उलटता येत नाही.

नैराश्य मोजायची जी नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात, ती वाचून बघावी. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस झोप नीट लागली नाही? किती दिवस जेवण जाईना? किती दिवस कशात मन लागलं नाही? शेवटचा प्रश्न मरणाच्या विचाराचा. इथे शिडी नाही, उत्तम आयुष्याची कल्पना नाही, शेजाऱ्याशी तुलना नाही. आपल्याकडे ‘मला नैराश्य आलंय’ असं कुणी म्हणत नाही, ‘टेन्शन हाय’ म्हणतात. पण किती रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, हे आत्या बोटांवर मोजून सांगेल. आणि मुख्य म्हणजे विचारणारी गावातलीच आहे, उत्तर ऐकल्यावर तिला काहीतरी करायचं आहे. ती रविवारी परत येणार आहे. राज्य सरकारनेही १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्पातून आशाताईंच्या हाती अशी प्रश्नावली दिली. कल्पना उत्तम. फक्त त्या आशाताईला रोज साठ करायला लावलं, की तिचाही अंगठा फिरायला लागेल.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. दर मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या तोंडावर महाराष्ट्राची आर्थिक पाहणी प्रसिद्ध होते. सिंचन, साखर कारखाने, वाहनांची संख्या, सगळं असतं तिच्यात. त्यात एक पान वाढवावं. जिल्हावार, नाव-गाव न घेता, नमुना पाहणी करणाऱ्या स्वतंत्र माणसांकडून विचारून घेतलेलं: शिडीच्या खालच्या चार पायऱ्यांवर किती जण, गेल्या दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त रात्री जागून काढणारे किती, अडीनडीला हाक मारायला माणूस नसलेले किती. सरासरी छापू नये. क्रमांक लावू नयेत. कुठल्याही कलेक्टरला या आकड्यावरून शाबासकी, निधी किंवा बदली मिळता कामा नये. एकदा का मिळाली, की पुढच्या वर्षी जिल्हाभर ओटीपी फिरतील.

आणि त्या रकान्याशेजारी दुसरा रकाना हवा, लोकांनी न सांगितलेल्या गोष्टींचा. दवाखाना किती लांब, तिथे डॉक्टर किती दिवस असतो, पाणी किती वाजता येतं, बाईचे घरकामात किती तास जातात. हे शेवटचं मोजता येतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्यांत बायकांची दिवसाला २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवून बघायचं. पहिल्या वर्षी आकडे विचित्र येतील, हे आत्ताच सांगते. गडचिरोली पुण्यापेक्षा समाधानी निघेल आणि एखादा मंत्री विधानसभेत हसेल. हसू द्यावं. जिथे अवस्था वाईट आणि उत्तरही वाईट, तिथलं दुखणं आपल्याला बहुधा आधीच माहीत असतं. जिथे अवस्था वाईट आणि तरी लोक म्हणतात बरं चाललंय, तिथे सिंगूरच्या त्या सत्त्याण्णवजणी बसलेल्या आहेत, आणि तिथे आधी जायला हवं. जिथे सगळं असून माणूस पाच म्हणतो, तिथेही जावं, पण नंतर.

परवा आत्याचा फोन आला. तालुक्याला जाणारी दुपारची गाडी बंद झालीय, आता दवाखान्याचं काही खरं नाही म्हणाली. मग थोडं थांबून, “तुज्या त्या यादीत आठ लिवलंस का माजं? मग सात कर.”